समांतर जोडलेले रेझिस्टर : हिशेब जुळतो, पण उष्णतेचं काय?

मंडळी, मदत हवी आहे. चवथीच्या भजनासाठी वाड्यावरचा ४० वॅटचा जुना अँप्लिफायर दुरुस्त केलाय. स्पीकर न लावता (शेजाऱ्यांचे कान!) पूर्ण आवाजावर तपासायला ८ ओहमचा डमी लोड (स्पीकरच्या जागी जोडायचा रेझिस्टर) बनवतोय.

म्हापशात तयार ८ ओहमचा मोठ्या वॅटचा रेझिस्टर मिळाला नाही. मिळाले ते पांढरे सिमेंटचे, ५ टक्केवाले: ३३ ओहमचे तीन, ४७ चा एक (चारही १० वॅटचे) आणि ८२ चा एक, ५ वॅटचा. पाचही समांतर. गुणाकार भागिले बेरीज हे सूत्र एका वेळी दोघांनाच चालतं, म्हणून व्यस्तांची बेरीज केली: ३/३३ + १/४७ + १/८२ = ०.१२४४, म्हणजे ८.०४ ओहम. मल्टिमीटर ८.६ दाखवतो; पिना एकमेकींना टेकवल्या की ०.४, म्हणजे तेवढा त्याच्या वायरींचाच. तो वजा करून उरले ८.२, ते चालेल.

अडलंय वॅटवर. सगळ्यांची बेरीज ४५ वॅट, पण व्होल्टेज सगळ्यांवर सारखंच असल्यामुळे ४० वॅटला प्रत्येक ३३ ओहमवर साधारण ९.७ वॅट पडतात. ८२ वर जेमतेम ४.

पंखा लावून अर्धा तास हे टिकेल का, की ३३ चा आणखी एक जोडून ६.५ ओहम केलेले बरे? अँप्लिफायरवर किमान ८ ओहम लिहिलंय.