विंचूदंशाचं मूल: हातपाय गार असताना व्हायटल्स (नाडी, श्वास, बीपी, ऑक्सिजन) नीट कशी घ्यायची?

नमस्कार. मी कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे, लागून आठ महिने झाले. मागच्या आठवड्यातल्या एका रात्रीबद्दल विचारायचंय.

सात वर्षांची मुलगी, लाकडाच्या मोळीतला लाल विंचू चावलेला. आणली तेव्हा दरदरून घाम, फ्रॉक पाठीला चिकटलेला आणि पावलं मात्र बर्फासारखी. मनगटाची नाडी बारीक, भराभर चाललेली. ऑक्सिमीटर बोटावर नुसत्या रेघा दाखवत होता. बीपीच्या मशीनवर दोनदा एरर, तिसऱ्यांदा 88/56. मला वाटलं, शॉकच, म्हणजे बीपी कोसळलंय. सलाइन जोरात सोडायला हात गेलाही होता.

मोठ्या सिस्टरांनी अडवलं. "आधी कफ बघ." म्हणजे दंडाला गुंडाळायचा बीपीचा पट्टा. मोठ्या माणसांचा कफ! पोरीचा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत त्यात बुडालेला. लहान कफ लावून स्टेथोनं घेतलं, तर 128/90. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार आणि बीपी चढलेलं. त्यात सलाइन धावलं असतं तर फुप्फुसात पाणी व्हायची भीती. डॉक्टरांनी प्राझोसिन दिलं, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध. विंचूदंशावर प्राझोसिन वापरण्याचं महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं हे काम मी शिकले होते, पण स्क्रीनवरचा आकडा बघून काहीच आठवलं नाही. मुलगी बरी होऊन घरी गेली. मला तो 88 अजून दिसतो.

पुढे दर अर्ध्या तासाला नोंद ठेवताना फार अडले. रडणाऱ्या मुलाचे श्वास कसे मोजता? ऑक्सिमीटरवर कधी विश्वास ठेवायचा? लहान कफ नसेलच तर काय करता?

प्रतिसाद:
ताई, मी बरीच वर्षं कॅज्युअल्टीत आहे. मूल आईच्या मांडीवर असतानाच, हात लावायच्या आधी श्वास मोजायचे. फ्रॉक वर करायला आईला सांगा आणि पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. एकदा स्टेथो लागला की रडं सुरू, मग तो आकडा कामाचा नाही. ठोके मात्र छातीवर स्टेथो ठेवूनच मोजा. ऑक्सिमीटरवरची नाडी त्यांच्याशी जुळली तरच ऑक्सिजनचा आकडा लिहा. बोटावर येत नसेल तर कानाची पाळी बघा. कफमधली हवेची पिशवी रुंदीला दंडाच्या घेराच्या साधारण 40 टक्के हवी. लहान कफ नसेल तर मोठा मांडीला लावून गुडघ्यामागे ऐका, आणि बीपी मांडीवर घेतलंय हे केसपेपरवर लिहाच.

आणखी एक. हाताच्या पाठीनं पायावर गारवा कुठवर आहे ते बघून दर वेळी लिहीत जा: घोट्यापर्यंत, मग नुसती बोटं. औषध लागू पडतंय हे मला त्यावरून लवकर कळतं.