'आमचं घर' ग्रुप : रियाचं शिबिर

स्नेहल : सगळ्यांना सलाम. सोमवारी रियाला पन्हाळ्याला चर्चच्या शिबिराला सोडायचंय. काल उशीत तोंड खुपसून रडली. तिला कुणीतरी सांगितलंय, शेवटच्या रात्री सगळ्यांपुढं उभं राहून पापं कबूल करायला लागतात. कुणी सांगितलं तेवढं कळू दे.

मोठी आत्या : बायबलातलं २३ वं स्तोत्र पाठ करून घे. सहाच वचनं आहेत.

प्राची : काकू, मी एवढंच म्हणालो की साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल बोलायला बोलावतात, तयार असेल त्यानं हात वर करायचा. मी हात वर केलता कारण शेजारचीनं केलता 😂

सुधीर काका : भडंग भरपूर द्या. भरल्या पोटी कुणी रडत नाही.

अनिल : मी सांगितलंय तिला, करमलं नाही तर फोन कर, लगेच गाडी घेऊन येतो. २० किलोमीटर तर आहे.

स्नेहल : झालं! आता ती पहिल्या संध्याकाळपासून गाडीचीच वाट बघत बसणार.

सुधीर काका : १२ वर्षांचा येशू यरुशलेमात मागं राहिला, मरीयेला ३ दिवस सापडला नाही. तुम्हाला पन्हाळ्याचं टेन्शन!

मोठी आत्या : २३ वं स्तोत्र.

जॉन दादा : आत्या, स्तोत्र घ्याच, पण परीक्षा नको. संडे स्कूलला बघतो ना मी, घडाघडा म्हणणारं पोर दिवे गेले की सगळं विसरतं. तिच्या शब्दांत बोलू दे. "देवा, भीती वाटतेय, आईची आठवण येतेय," बास. १३ वं स्तोत्र उघडा, तक्रारीनंच सुरू होतं. आणि हात वर करणं तिच्या मर्जीवर. नाही केला तरी घरी कुणी जाब विचारणार नाही, हे तिला आधीच सांगा.

मोठी आत्या : मग पाठवायचं कशाला? हवापालटाला?

स्नेहल : आत्या, तुमचा मान राखून सांगते, नऊ वर्षांची आहे ती. स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा तो दृढीकरणाचा विधी अजून लांब आहे.

मोठी आत्या : आम्ही अडाणीच. कुणाला न विचारता लेकरं वाढवली.

सुधीर काका : ताई, तुझा थोरला दुसऱ्याच दिवशी एसटीनं परत आलता 🤐

मोठी आत्या : ताप होता त्याला.

प्राची : ताप 😂😂

अनिल : बरं, मग मी तिला काय सांगू ते तरी सांगा.

जॉन दादा : आठवण येणारच, आली की शिबिरातल्या ताईंना सांग, असं म्हणा. दोन रात्री आजीकडं झोपवा, सवय होईल. पांघरूण घरचंच द्या, वर मे महिन्यातही रात्री गार वारं सुटतं.

आजी : पाठवा माझ्याकडं. वाकळ धुऊन वाळत घातलीया.

मोठी आत्या : वाकळ दे. पण २३ वं स्तोत्र...

स्नेहल : तुम्हीच या की आज आजीकडं, शिकवा तिला. शेवटच्या रात्रीबद्दल मात्र एक शब्द काढायचा नाही.

मोठी आत्या : बघते. रिक्षाचे पैसे कोण देणार?

सुधीर काका : येताना भडंग आण, मी देतो.