आधारची झेरॉक्स काढून झाल्यावर

"आपण साधी माणसं, आपला डेटा कोण कशाला चोरेल?" असं बरेच जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. साध्या माणसांचाच डेटा वापरायला सोपा, कारण त्यांना पत्ताच लागत नाही. नागपुरात सीताबर्डीतल्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे बघा. लोक आधार-पॅन त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवतात, प्रिंट घेतात, पैसे देतात नि निघतात. फाइल मात्र त्याच्या कॉम्प्युटरवर, शे-दोनशे अनोळखी आधारांच्या रांगेत तशीच पडून राहते. दुसऱ्याच्या नावावर सिम घेणं, कर्ज उचलणं हे अशाच कागदांवर चालतं. निदान समोर उभं राहून ती फाइल डिलीट करायला लावा. त्यात भीड कसली?

हॉटेलात, घरमालकाला पूर्ण आधार देऊच नका. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवर मास्क्ड आधार मिळतं, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. बायोमेट्रिकही, म्हणजे आधारला जोडलेले बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून ठेवा, विशेषतः आईवडिलांचं. अंगठ्याच्या ठशावर खात्यातून पैसे काढल्याचे प्रकार झालेत. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' साइटवर दिसतं, अनोळखी नंबर असला तर तिथेच कळवता येतं. आणि पैसे गेलेच, तर बँकेत जायची वाट न बघता आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा.