पहिल्यांदाच मोटर रेसिंग पाहायला आणि टिपायला जात आहोत, कोईमतूरसाठी मार्गदर्शन हवे

रत्नागिरीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी आणि दोन मुले, उटीला जाणार आहोत. तारखा जुळल्या तर वाटेत कोईमतूरला शनिवार-रविवार मुक्काम करून तेथील करी मोटर स्पीडवेवर राष्ट्रीय रेसिंग स्पर्धेची एखादी फेरी पाहावी, असा विचार आहे. २०११ ते २०१३ या काळात ग्रेटर नोएडाला फॉर्म्युला वन होत होती तेव्हा जाणे जमले नाही. आतापर्यंत जे काही पाहिले ते टीव्हीवरच.

माझ्याकडे एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा कॅननचा कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटर अशा दोन लेन्स आहेत. शिमग्यात नाचवल्या जाणाऱ्या पालख्या आणि मिरकरवाड्याच्या होड्या यांचे फोटो मी नेहमी काढतो, परंतु ताशी शंभराच्या पुढे धावणारी गाडी कधीच टिपलेली नाही. एवढ्या लेन्स पुरतील का, शटर स्पीड (शटर उघडे राहण्याचा वेळ) किती ठेवावा, प्रेक्षकांना कोठून फोटो काढता येतात आणि लहान मुलांना सोबत न्यावे का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

चिपळूणचा वाटसरू

नमस्कार दादा. लेन्सची चिंता सोडा. कॅननच्या एपीएस-सी सेन्सरवर २५० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमच्या (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) ४०० मिलिमीटरइतका जवळचा कोन देते. शिवाय करी मोटर स्पीडवे जेमतेम २.१ किलोमीटरचा आहे, तर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा. लहान ट्रॅकचा फोटो काढणाऱ्याला मोठा लाभ असतो, कारण गाड्या एक-सव्वा मिनिटात पुन्हा समोर येतात आणि त्याच वळणावर तोच फोटो पुनःपुन्हा साधण्याची संधी मिळते.

शटर स्पीडबाबत नवख्या माणसाचा कल १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवण्याकडे असतो, आणि तेथेच फोटो निर्जीव होतो. ताशी १२० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या हजाराव्या भागात सुमारे ३.३ सेंटिमीटर सरकते. एवढ्या वेळात चाकांच्या आऱ्यादेखील स्पष्ट दिसतात आणि गाडी पार्किंगमध्ये उभी केल्यासारखी वाटते. तीच गाडी १/६० सेकंदात सुमारे ५५ सेंटिमीटर पुढे जाते. कॅमेरा त्याच गतीने गाडीबरोबर फिरवला तर गाडी स्पष्ट राहते, चाके फिरलेली दिसतात आणि मागची जाळी, टायरच्या राशी व माणसे यांच्या आडव्या रेषा होतात. यालाच पॅनिंग म्हणतात.

करण्याची रीत अशी. जेथे गाडी अगदी समोर येणार, त्या दिशेला पायांची बोटे ठेवून उभे राहावे, कंबरेतून वळून गाडी दुरूनच फ्रेममध्ये घ्यावी, कोपरे बरगड्यांना टेकलेली ठेवावीत, आणि बटण दाबल्यानंतरही कॅमेरा थांबवू नये. बहुतेकांचा हात नेमका बटण दाबताना थबकतो आणि फोटो तेथेच बिघडतो. फोकस एआय सर्वोवर (हलत्या वस्तूवर सतत फोकस धरणारा मोड) आणि कॅमेरा शटर प्रायॉरिटीवर (शटर स्पीड आपण ठरवतो, बाकी कॅमेरा) ठेवावा. सुरुवात १/२५० पासून करावी, हात बसला की १/१२५ वर यावे, आणि १/६० चा मोह शेवटी धरावा. तेथे दहातले आठ फोटो पुसावे लागले तरी नवल नाही. समोरून अंगावर येणाऱ्या गाडीसाठी मात्र पॅनिंगचा उपयोग नसतो, तेथे १/८०० किंवा १/१००० च योग्य.

सरावासाठी कोईमतूर गाठण्याची आवश्यकता नाही. हायवेला लागून एखाद्या सुरक्षित, उंच जागी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या एसटी टिपाव्यात. लाल गाडीवरची पांढरी अक्षरे १/६० ला वाचता आली की हात तयार झाला, असे समजावे.

मालवणची लेन्स

वाटसरूंनी तंत्र उत्तम सांगितले आहे, परंतु माझे मत थोडे वेगळे आहे. पहिल्या भेटीत शटर स्पीडपेक्षा जागा आणि पार्श्वभूमी यांनी फोटो अधिक घडतो किंवा बिघडतो. शनिवारी बहुधा सराव आणि क्वालिफाइंग (शर्यतीतला सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेऱ्या) असते, गर्दी कमी असते. त्या दिवशी पहिला तासभर कॅमेरा पिशवीतच ठेवून फिरावे आणि गाडी कोठे ब्रेक मारते, कोठे झुकते, तिच्या मागे जाहिरातीचा फलक येतो की झाडी, हे पाहून ठेवावे. सरळ रस्त्यावर वेग सर्वाधिक असतो, पण चित्र तेथे नसते. ब्रेक मारून वळणात शिरताना गाडीचे नाक खाली जाते, मोटरसायकलस्वाराचा गुडघा रस्त्याला टेकू पाहतो, आणि वेग कमी असल्याने आपलाही हात पुरतो.

प्रेक्षकांना ट्रॅकच्या कडेला जाता येत नाही. तेथे आयोजकांकडून परवानगी घेतलेले, विशिष्ट जाकीट घातलेले छायाचित्रकारच असतात. आपल्याला बहुतेक ठिकाणी जाळीतून फोटो काढावे लागतील. त्यासाठी लेन्सचे तोंड जाळीला जवळजवळ टेकवावे, लेन्स पूर्ण लांबवावी आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) शक्य तितके उघडे ठेवावे, म्हणजे जवळची तार विरघळून जाते. ऊन पडलेली तार पांढरी चमकते आणि फोटोवर धुके आणते, म्हणून सावलीतला भाग निवडावा. पॅनिंग मात्र जाळीतून कठीणच. त्यासाठी स्टँडवरची किंवा मातीच्या उंचवट्यावरची जागा शोधावी.

आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे संघ गाड्या तयार करतात त्या आवारात, प्रवेश मिळाला, तर १८-५५ लावून मुकाट्याने तेथे जावे. हेल्मेट घालण्याआधीचा चालकाचा चेहरा, टायरमधली हवा मोजणारा मेकॅनिक, इंजिनावरचे झाकण काढलेली एलजीबी फॉर्म्युला ४ या भारतीय रेसिंग गटाची एकआसनी गाडी, हे टीव्हीवर कोणी दाखवत नाही. पालख्यांच्या गर्दीत फोटो काढणाऱ्या माणसाला येथे फारसे शिकवावे लागणार नाही.

जाता जाता एक किनारपट्टीची सूचना. पावसाळाभर कपाटात राहिलेली ५५-२५० निघण्यापूर्वी टॉर्च लावून तपासा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि ती उन्हात फोटो काढू लागल्यावरच लक्षात येते.

कणकवलीची प्रवासी

प्रवासाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. रत्नागिरीहून नेत्रावती किंवा मंगला एक्स्प्रेसने शोरानूरला उतरावे. तेथून पालक्काडमार्गे कोईमतूर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे. ट्रॅक शहराच्या दक्षिणेला चेट्टिपाळयमला आहे, त्यामुळे परतीच्या रिक्षा-टॅक्सीची सोय सकाळीच ठरवून ठेवावी. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या उत्तरार्धात संपून गाड्यांच्या वेळा बदलतात, हे तिकिटे काढताना ध्यानात ठेवावे. स्पर्धेच्या तारखा आयोजकांच्या अधिकृत घोषणेतूनच घ्याव्यात. त्या बदलू शकतात, म्हणून उटीचा मुक्काम शर्यतीवर अवलंबून ठेवू नये.

दुसरे म्हणजे पाऊस. दसऱ्यानंतर आपल्याकडे छत्र्या माळ्यावर जातात, पण तामिळनाडूत ईशान्य मोसमी पावसाचे तेच दिवस असतात आणि कोईमतूरला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर जोरदार सरी येतात. कॅमेऱ्यासाठी एक मोठी प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड जवळ असू द्या. पाऊस आला म्हणून पळून मात्र जाऊ नका, कारण ओल्या ट्रॅकवर चाकांमागे उठणारा पाण्याचा पडदा कोरड्या दिवशी कितीही प्रयत्न केला तरी मिळत नाही.

मुलांना अवश्य न्या. कानांसाठी फोमचे बोळे सर्वांना, आणि लहान मुलाला वरून कान झाकणारे मफ घ्या. निशाणांचे अर्थ घरीच शिकवून ठेवा: पिवळे म्हणजे पुढे धोका असून ओव्हरटेक करायचे नाही, लाल म्हणजे सत्र थांबवले, निळे म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे, चौकटीचे म्हणजे शर्यत संपली. हे फोटो काढणाऱ्याच्याही कामाचे आहे; निळे निशाण दिसले की काही क्षणांत दोन गाड्या एकाच फ्रेममध्ये येणार, हे आधी कळते. मुलांना हेही सांगा की २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय नरेन कार्तिकेयन याच कोईमतूरचे, आणि ट्रॅकचे नाव तेथीलच रेसर व मोटारबांधणी करणारे एस. करिवर्धन यांच्यावरून पडले आहे.

रत्नागिरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल नाचणे गावाजवळ येणाऱ्या-जाणाऱ्या दुचाकी टिपण्याचा सराव केला. १/६० ला दुपारी फोटो पांढरे पडत आहेत. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १०० वर असूनही कॅमेरा एफ/२२ वर, म्हणजे अगदी लहान छिद्रावर, जाऊन अडतो, आणि आकाशात काळे ठिपकेही दिसतात. यावर उपाय काय?

चिपळूणचा वाटसरू

ठिपके सेन्सरवरच्या धुळीचे आहेत. अ‍ॅपर्चर इतके लहान झाले की ते उठून दिसतात, आणि एफ/२२ ला चित्राची धारही कमी होते. भर उन्हात आयएसओ १०० ला १/१०० आणि एफ/१६ हे साधारण गणित असते, म्हणजे १/६० ला अ‍ॅपर्चर एफ/२० च्या आसपास जाणारच, आणि रंग उजळ असला की कॅमेरा त्याच्याही पलीकडे धावतो. लेन्सच्या मापाचा एनडी ८ फिल्टर (प्रकाश अडवणारी करडी काच) घ्या. तो तीन स्टॉप, म्हणजे आठपट, प्रकाश कमी करतो आणि अ‍ॅपर्चर एफ/७ च्या सुमारास येते. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) घरात असेल तर तोही दीडेक स्टॉप खातो आणि गाडीच्या काचेवरची चमक कमी करतो. फिल्टर मिळाला नाही, तर दुपारी समोरून येणाऱ्या गाड्या १/१००० ला टिपाव्यात आणि पॅनिंग सकाळच्या व उतरत्या उन्हासाठी राखून ठेवावे. सेन्सर निघण्यापूर्वी साफ करून घ्या; प्रवासात लेन्स बदलताना कॅमेऱ्याचे तोंड खाली धरा.

मालवणची लेन्स

जेपेगमध्ये जळलेला पांढरा भाग नंतर परत आणता येत नाही, म्हणून रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. मात्र रॉच्या लांब बर्स्टमध्ये (सलग फोटोंच्या माळेत) कॅमेऱ्याचा बफर (तात्पुरती साठवण) भरतो आणि ऐन चुरशीच्या क्षणी बटण मुके होते. तीन-चार फ्रेमचे छोटे बर्स्ट द्यावेत आणि कार्ड जलद असावे.