वडिलांच्या वर्षश्राद्धाला स्मरणपुस्तिका काढतेय: उधारीची वही छापावी का? आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल थोडी माहिती हवी

पलूसची लेक:

नमस्कार. माझे बाबा गेल्या वर्षी दिवाळीनंतर गेले. वर्षश्राद्धाला एक छोटी पुस्तिका काढून नातेवाइकांना आणि दुकानाशी संबंध असलेल्या लोकांना द्यायचं आम्ही भावंडांनी ठरवलंय. लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

बाबांचं पलूसला मोटर रिवाइंडिंग (जळालेल्या मोटरीत तांब्याच्या तारेचे नवे वेढे भरणं) आणि पंपदुरुस्तीचं दुकान होतं. मोटर जळाली, बुश गेला, ग्लँडमधून पाणी गळतंय, फूटव्हॉल्व्ह धरत नाही, काहीही झालं की आसपासच्या गावांतले बागायतदार आमच्याकडे यायचे. उन्हाळ्यात रात्रीची लाईट असली की दुकान बंद व्हायची वेळच नसायची. मग आम्ही पोरं डबा घेऊन दुकानात जायचो आणि काउंटरवरच अभ्यास करायचो. बाबा जुनी जळकी कॉइल उलगडत वेढे मोजायचे, मी आकडा वहीत लिहून घ्यायचे. मध्ये कुणी बोललं तर हात वर करायचे, म्हणजे मोजणं चालू आहे.

दहावीनंतर त्यांनी मला आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला घातलं. घरातले बरेच जण नाराज होते. बाबा एवढंच म्हणाले, "तिचा हात चालतो. मी बघितलाय." आज दुकान मी चालवते.

आता अडचण सांगते. काकांचं म्हणणं, पुस्तिकेत बाबांनी सोडलेल्या उधारीचा तपशील यावा, म्हणजे लोकांना त्यांचं मन कळेल. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात नदीकाठच्या कितीतरी मोटरी आणि स्टार्टर पाण्याखाली गेले. त्या वेळी बाबांनी फक्त तांब्याच्या तारेचे पैसे घेतले, मजुरी नाही. ज्यांच्याकडे तेवढेही नव्हते त्यांची नावं वहीत आहेत आणि पुढच्या पाडव्याला बाबांनी त्यावर स्वतः रेघ मारलीय. माझं मन ती पानं छापायला तयार नाही, पण काकांना नीट समजावून सांगताही येत नाही.

दुसरं असं की गल्ल्याच्या झाकणाला आतून लक्ष्मणराव किर्लोस्करांचं पोस्टाचं तिकीट चिकटवलेलं आहे. बाबा त्यांना फार मानायचे. त्यांच्याविषयी दोन परिच्छेद घालायचेत, पण कारखानदार म्हणून नको. घरचा माणूस, गावचा माणूस म्हणून काय सांगता येईल?

कुंडलरोड:

ताई, बाबांना नमस्कार. आधी तिकिटाचं सांगतो. ते २० जून १९६९ ला त्यांच्या जन्मशताब्दीला निघालं. त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, गुर्लहोसूरचा.

तुम्हाला घरचा माणूस हवाय, तर मला त्यांच्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी, की रक्ताच्या माणसाला ज्याचा ओढा असेल तिकडे जाऊ द्यायचं. ते स्वतः मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर चित्रकला सोडून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढे भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. थोरला मुलगा शंतनुराव, त्यांना यंत्रशास्त्र शिकायला थेट अमेरिकेत एमआयटीला पाठवलं. पण पुतण्या शंकरराव चित्रकार निघाला, तर नांगराच्या त्या कारखान्याच्या आवारातून १९२० साली त्याच्या संपादनाखाली 'किर्लोस्कर' मासिक सुरू झालं! पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर'ही तिथूनच निघाली. तुमच्या बाबांनी तुम्हाला आयटीआयला घातलं, त्याच्या शेजारी हे लिहा.

गावचा माणूस म्हणून सांगायचं तर बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन दिली. माळ होता नुसता, निवडुंग आणि साप. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी वसली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा त्यांचा नियम. आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं होतं. माझ्या मते त्यांच्याबद्दल हे एकच वाक्य लिहिलंत तरी पुरे आहे. भाषणात लोक नांगर सांगतात, पहारेकरी सांगत नाहीत.

उधारीच्या पानांबद्दल मी तुमच्या बाजूचा. छापू नका.

द्राक्षबागायतदार:

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. त्या वहीत बहुतेक माझंही नाव असेल.

पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही ट्रॅक्टरला दोर बांधून मोटर वर ओढायला गेलो होतो, पण माणसं आणि जनावरं आधी काढायची होती. मोटर राहिली. पाणी ओसरल्यावर चिखलाचा गोळा झालेली ती तुमच्या दुकानासमोर आणून टाकली. तिथं रांगच होती. तुमचे बाबा प्रत्येक मोटर खोलून आधी स्वच्छ पाण्यानं धुवायचे, मग खोक्यात मोठे बल्ब लावून कॉइल वाळवायचे आणि मेगर, म्हणजे तारेवरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून बघायचे. जिचं इन्सुलेशन टिकलं होतं ती तशीच परत दिली. मला म्हणाले होते, "ही वाचलीय, नवी वाइंडिंग भरून घेऊ नका." दुसऱ्या कुणी भरून घेतली असती तर मला कळलंसुद्धा नसतं.

म्हणून माझं म्हणणं, माझं नाव घाला. मला त्यात कमीपणा नाही. पण मला विचारून घाला.

पलूसची लेक:

दादा, वाचून रडू आलं. "ही वाचलीय" हे मला माहीतच नव्हतं. घरी येऊन ते असं काही सांगायचे नाहीत. जेवायला बसले की आमच्याच शाळेचं विचारायचे.

कुंडलरोड काका, पहारेकऱ्यांची गोष्ट ऐकून मला बाबांनी शिकवलेली पोरं आठवली. त्यांच्यातला एक दारूपायी दोन ठिकाणहून काढलेला होता. बाबांनी त्याला दुकानाची किल्ली दिली होती. त्या मुलाचं आता स्वतःचं दुकान आहे आणि खंडेनवमीला पान्हे-पकडींची पूजा करायला तो अजून आधी आमच्याकडे येतो. बाबांनी हे लक्ष्मणरावांचं वाचून केलं का, ते आता विचारता येणार नाही. पण तिकीट उगाच लावलं नसणार, एवढं मला वाटतं.

महापुरातली आणखी एक गोष्ट मला लिहायचीच आहे. त्या आठवड्यात रिवाइंडिंगचे दर वाढायला लागले होते. बाबा सायकलवर बाकीच्या दुकानदारांकडे स्वतः गेले. गुडघे दुखत असताना गेले. भांडले नाहीत, "आपली गिऱ्हाईकं बुडाली तर पुढं कुणाच्या मोटरी भरणार?" असं म्हणाले. तिघे-चौघे तयार झाले. त्यांना दानशूर म्हटलेलं मला म्हणूनच आवडत नाही. ते दान करत नव्हते. ते हिशेबाला पक्के होते, तारेचं वजन ग्रॅममध्ये करायचे, वेळेवर देणाऱ्याकडून रुपयाही सोडायचे नाहीत. धंदा टिकायचा तर गाव टिकलं पाहिजे, असा त्यांचा साधा विचार होता आणि घरखर्च तंग असतानाही त्यांनी तो सोडला नाही. आई कधीकधी वैतागायची, तेही लिहिणार आहे. तिनंच परवानगी दिलीय.

मिरजकर:

वहीबद्दल एक सुचवू का? पानं छापू नका, पण वही घेऊन त्या माणसांकडे जा. ज्याला बोलायचंय तो बोलेल, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. ज्याला नको असेल त्याचा उल्लेख कुठंच येणार नाही. काकांनाही सोबत न्या, त्यांचा वेगळा विषय उरणार नाही.

पलूसची लेक:

हे पटलं. काकांना आत्ताच फोन केला, ते यायला तयार आहेत. त्यांची गाडी आहे, भिलवडीकडून सुरुवात करू म्हणाले. वही मात्र मी नेणार नाही, घरी बसून नावं फक्त माझ्यापुरती वाचून ठेवीन. समोर वही दिसली की माणूस आधी पैशाचं बोलायला लागतो.

द्राक्षबागायतदार दादा, तुमच्याकडे पहिल्यांदा येते. आणि महापुराच्या दिवसांतला आमच्या दुकानाचा फोटो कुणाकडे असेल तर कृपया कळवा, आमच्याकडे एकही नाही.