मदत हवी आहे: जावा फर्न कुजतंय, पानं कापून दमलो

नमस्कार मंडळी,

घरी दोन फुटी फिश टँक आहे (२४ × १२ × १२ इंच, खडी-दगड वजा जाता साधारण ५० लिटर पाणी). आठ गप्पी, सहा झेब्रा डॅनियो आणि न बोलावता आलेल्या असंख्य गोगलगायी. प्लास्टिकच्या झाडांचा वैताग आला म्हणून दीड महिन्यापूर्वी जावा फर्नची एक जुडी आणली. दुकानदार म्हणाला, "हे मरतच नाही, डोळे झाकून न्या." माझ्याकडे ते मरतंय.

आणलं तेव्हा पानं कडक, गर्द हिरवी, वीतभर लांब होती. तिसऱ्या आठवड्यात काही पानांच्या मागे काळपट तपकिरी ठिपके उठले. गावी डाळिंबाची बाग आहे, त्यामुळे ठिपका दिसला की आमच्या पोटात गोळा येतो. तेल्या रोगाचाच (डाळिंबावर ठिपके पाडतो तो) कुणीतरी पाण्यातला भाऊ समजून ठिपकेवालं पान दिसेल ते कापत गेलो. आत्तापर्यंत नऊ गेली. तरी उरलेली पानं बुडाकडून तपकिरी, पातळ होतायत आणि हात लावला की सुटून वर तरंगतात.

पाणी बोअरचं आहे, पातेल्यात पांढरा थर बसतो इतकं जड. लाइट १० तास. सध्या दुपारी पाणी ३१ अंशांवर जातं. खडीत खताच्या दोन गोळ्या खुपसल्यात. लावताना जुडीच्या तळाशी आल्यासारखं आडवं खोड होतं. आई म्हणाली आलं लावतो तसंच लाव, दीड-दोन इंच खाली. तसंच लावलं.

दोष पाण्याचा, उन्हाळ्याचा की रोगाचा? बुरशीचं औषध टाकू का?

गप्पीदास
औषध टाकू नका. पाण्याला दोष देऊ नका, माझंही बोअरचंच आहे आणि जावा फर्न त्यात सुखाने आहे. लाइट मात्र कमी करा, ६-७ तास पुरे. हे सावलीतलं झाड आहे, जास्त उजेडाने वाढत नाही, त्याच्या पानांवर शेवाळ तेवढं वाढतं. खडी बाजूला सारून त्या "आल्या"चा फोटो टाका, मला तिथेच शंका आहे.

तळ्याकाठी
फोटोची गरज नाही. आईंचा सल्ला आल्यासाठी शंभर टक्के बरोबर, या झाडासाठी घातक. ते आडवं खोड, म्हणजे रायझोम, खडीत पुरलं की कुजतं, आणि पानं त्यालाच फुटलेली असल्यामुळे बुडापासून सुटतात. तुमचं वर्णन अगदी तेच आहे.

सह्याद्रीत फिरताना झाडांच्या खोडावर बाशिंग पाहिलं असेल ना? तो नेचा, म्हणजे फर्नच, मातीत रुजत नाही, सालीला धरून बसतो. जावा फर्न त्याच्याच कुळातलं. नावात जावा असलं तरी आपल्या ईशान्य भारतातही सापडतं. ओढ्याकाठच्या दगडांना, ओंडक्यांना चिकटून वाढतं. त्याची मुळं मुख्यतः धरून ठेवायला. अन्न ते पाण्यातून घेतं, म्हणून खडीतल्या गोळ्या त्याच्या काही कामाच्या नाहीत. द्यायचंच तर पाण्यात मिसळणारं खत, तेही थोडंसं. पुढेमागे जुन्या पानांना बारीक भोकं पडू लागली तर पोटॅशची कमतरता तपासा.

आता ठिपक्यांचं. मागच्या बाजूला, जरा उठावदार, ओळीत असतील आणि बाकी पान हिरवं असेल, तर ते बीजाणूंचे पुंजके. नेच्याला फूल नाही, बी नाही, त्याचा वंश असाच चालतो. थोडक्यात, तुम्ही धडधाकट पानं कापलीत आणि खरं दुखणं खडीखाली राहिलं.

धागाकर्ता
😶 आत्ता उपसलं. खोड अर्ध्याहून जास्त काळं, मऊ, वास येतोय. एका टोकाला बोटाच्या पेराएवढा तुकडा हिरवा आणि टणक आहे, त्यावर तीन पानं. आईला अजून सांगितलेलं नाही.

तळ्याकाठी
मग काम झालं. ब्लेडने मऊ भाग पूर्ण काढा, आत पांढरट-हिरवं दिसेपर्यंत. उरलेला तुकडा लाकडावर किंवा खडबडीत दगडावर ठेवून शिवणाच्या दोऱ्याने बांधा, करकचून नको. सुती दोरा काही आठवड्यांत कुजतो, तोवर मुळं पकड घेतात.

गप्पीदास
दोऱ्याची कटकट कशाला? सुपर ग्लूचा जेल घ्या, दोन थेंबांत काम. पाण्यात पांढरा पडतो एवढंच, सुकल्यावर माशांना त्रास नाही.

तळ्याकाठी
मोठ्या झाडाला ठीक. पेराएवढ्या तुकड्याला गोंद फासला तर फुटवा यायची जागाच झाकली जाईल. उन्हाळ्यासाठी टाकीचं झाकण काढून छोट्या पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. मात्र पाणी रोज आटेल, भर घालावी लागेल आणि डॅनियो उड्या मारतात, तेव्हा वर जाळी हवी. नवीन पान लगेच शोधू नका, याची चाल गोगलगायीची.

धागाकर्ता (पाच आठवड्यांनी)
दोऱ्यानेच बांधलं. पंख्यामुळे पाणी २८-२९ वर आहे. तीनपैकी एक पान गेलं, दोन टिकली, खोडाच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा कोंब आलाय.

पण धागा वर काढायचं कारण वेगळं. कापलेल्यांपैकी काही पानं मी बाल्कनीतल्या बादलीत टाकली होती, टाकीचं जुनं पाणी तुळशीसाठी साठवतो त्यात. आज बादली रिकामी करताना एका पानाच्या मागे सहा इवलीशी रोपं दिसली, प्रत्येकाला केसासारखी काळी मुळं! हे ठिपकेवाल्यांपैकीच पान आहे. रोपं आत्ता सोडवू का?

तळ्याकाठी
सोडवू नका. पान तसंच टाकीत तरंगत ठेवा. प्रत्येकाला तीन-चार पानं आली की मग दोरा घ्या. आणि बाकीची कापलेली पानं कुठे टाकलीत?

धागाकर्ता
ओल्या कचऱ्यात.