खुडूक कोंबडीखाली इतर कोंबड्यांची अंडी जमा होताहेत, आज नववा दिवस

अंगणपाळक (प्रश्न)

देशी कोंबडी १० अंड्यांवर बसवली आहे, आज नववा दिवस. बसली आहे ती सगळ्यांच्या अंडी घालायच्या खोक्यातच, त्यामुळे बाकीच्या कोंबड्याही तिला रेटून तिथेच अंडी घालतात. आज एक फुटलेलं अंडं काढून टाकलं आणि उरलेली मोजली तर १४ भरली. अंड्यांवर खुणा नाहीत. दोन-तीन अंड्यांना फुटक्याचा बलक लागून चिकट झालाय.

नवी अंडी कोणती हे कसं ओळखायचं? कोंबडी आता दुसरीकडे हलवली तर बसेल का? दिवसभर ती जागची हलताना दिसत नाही, तिला बळंच उठवावं का? आणि तुरा फिकट पडलाय, तो उपासानं की आणखी कशानं?

खुराडेवाला

आधी अंड्यांचं बघा, आणि ते आज रात्रीच करा. उशीर केला तर गुंता वाढतो. एकविसाव्या दिवशी पहिली पिल्लं निघाली की कोंबडी फार तर दीड-दोन दिवस वाट बघते आणि पिल्लं घेऊन उठते. चार-पाच दिवस मागे असलेली अंडी, आत जिवंत पिल्लू असलं तरी, तिथेच गार पडतात. शिवाय १४ अंडी लहान अंगाच्या कोंबडीच्या पोटाखाली मावत नाहीत. कडेची गारठतात, ती अंडी फिरवते तेव्हा कडेची आत आणि आतली कडेला जातात, म्हणजे आळीपाळीनं सगळ्यांनाच गारठा लागतो. देशी कोंबडीला ८ ते १० अंडी पुरे.

अंधार झाल्यावर बॅटरी घ्या. पुठ्ठ्याला अंड्याच्या व्यासापेक्षा लहान भोक पाडून तो बॅटरीच्या तोंडावर धरा, म्हणजे उजेड बाजूनं सांडत नाही. अंड्याचा रुंद भाग त्या भोकावर टेकवा आणि सावकाश फिरवा. नऊ दिवसांच्या चांगल्या अंड्यात लाल शिरांचं दाट जाळं दिसतं, मध्ये काळसर डाग असतो आणि क्षणभर थांबलात तर तो हललेला दिसतो. रुंद टोकाला हवेची पोकळी वेगळी उजळ दिसते. तीन-चार दिवसांपूर्वी घातलेल्या अंड्यात बारीक, विरळ शिरा आणि छोटा ठिपका. आजचं-कालचं अंडं आणि वांझ अंडं दोन्ही सारखीच: सगळीकडून पिवळट उजळ, आत बलकाची पुसट सावली. या दोघांत फरक करत बसू नका, नवव्या दिवशी जे स्वच्छ दिसतं ते काढायचंच. आत शिरांऐवजी लाल रेघेचं कडं दिसलं तर गर्भ मेलेला आहे, तेही काढा. तपकिरी कवचाचं अंडं नीट कळत नाही. शंका असलेल्यावर खूण करून ठेवा आणि चार दिवसांनी पुन्हा बघा.

ठेवायच्या प्रत्येक अंड्याभोवती साध्या पेन्सिलीनं गोल रेघ ओढा. एका बाजूला फुली मारली तर अंडं पालथं असताना ती दिसत नाही. शाईचं मार्कर वापरू नका, कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. उद्यापासून रोज संध्याकाळी हात घालून बिनरेघेचं अंडं बाहेर.

चिकट अंडी तशीच ठेवू नका. बलकानं छिद्रं बुजतात आणि त्यावर जंतू वाढतात. फडकं कोमट पाण्यात पिळून फक्त डाग पुसा. पाणी अंड्यापेक्षा थोडं जास्त ऊन हवं, ४० अंशांच्या आसपास. गार पाण्यानं आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. घासायचं नाही, पाण्यात बुडवायचं नाही. लगेच कोरड्या कापडानं टिपा आणि ओला पेंढा बदला. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं गेली तरी अंड्यांना काही होत नाही.

हे झालं की त्याच रात्री कोंबडी वेगळ्या खोलीत हलवा. रात्री हलवली तर बहुतेक पुन्हा बसते.

पेंढापाटी

अंड्यांबद्दल वरचं सगळं बरोबर. हलवण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. हलवायची ती बसवण्याआधी: दोन-तीन रात्री नकली अंड्यांवर नव्या जागी बसू द्यायची, पक्की बसली की खरी अंडी घालायची. नवव्या दिवशी जागा बदलली आणि सकाळी उठून ती जुन्या खोक्याकडे गेली तर तिथेच रिकाम्या जागी फतकल मारून बसते आणि इकडे अंडी गार होतात. कोंबडीची ओढ अंड्यांइतकीच जागेशीही असते.

खोकं सुटं असेल तर अंडी-कोंबडीसकट ते अख्खं उचलून न्या, त्यात धोका कमी. भिंतीला ठोकलेलं असेल तर तिला तिथेच ठेवा आणि भोवती जाळी लावा. साधारण एक मीटर लांब-रुंद जागा आत घ्यायची, म्हणजे दाणा-पाणी, शिटायला जागा आणि एका कोपऱ्यात लोळून धूळ-आंघोळ करायला माती एवढं मावतं. बाकीच्या कोंबड्यांना अंडी घालायला दुसरं खोकं त्याच दिवशी द्या, नाहीतर त्या जाळीपाशी गोंधळ घालतात.

एकच अपवाद. खोकं जमिनीपासून उंच असेल तर अठराव्या दिवसाच्या आत ते खाली आणावंच लागतं. कोरडं झालेलं पिल्लू कडेवरून खाली पडलं तर पुन्हा वर चढू शकत नाही, आणि आईला वरची सोडून खाली येता येत नाही. जमिनीवरही खोक्याची पुढची पट्टी चार बोटांपेक्षा उंच नको.

पेंढा बदलताना घरट्याचा आकारही बघा. तळाशी ओलसर मातीचा थर, त्याला उथळ बशीसारखा खोलगटपणा, वर बारीक कुस्करलेला पेंढा. खड्डा खोल झाला की अंडी एकमेकांवर चढतात आणि फुटतात. तुमचं अंडं फुटलं ते बहुतेक यामुळे, किंवा दुसरी कोंबडी आत घुसताना झालेल्या रेटारेटीत. तळ अगदी सपाट असला तर कडेची अंडी घरंगळून बाहेर राहतात.

दाणापाणी

खाण्याचं सांगते. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा, कधी दोनदा, पंधरा मिनिटं ते अर्धा तास उठते. ती वेळ चुकली तर माणसाला वाटतं ही उठतच नाही. उठते की नाही ते शिटेवरून कळतं: दिवसभराची साठलेली, नेहमीपेक्षा कितीतरी मोठी आणि उग्र वासाची एकच शीट जाळीच्या आत कुठेतरी पडलेली दिसेल. ती दिसत असेल तर कोंबडीला अजिबात हात लावू नका.

दोन दिवस शीट दिसली नाही, किंवा घरट्यातच पडलेली असेल, तर उठवा. आधी दोन्ही पंखांखाली बोटं फिरवा. कोंबडी अंडं पंखात दाबून ठेवते आणि तशीच उचलली की ते वरून बाकीच्यांवर पडतं. मग दोन्ही हातांनी पोटाखालून उचलून पाण्याजवळ ठेवा. काही वेळ ती तशीच फुगून बसून राहील, मग एकदम भानावर येऊन खायला लागेल.

या काळात मका, गहू, ज्वारी, बाजरी असं अख्खं धान्य द्या. पचायला वेळ लागतो, पोट टिकतं, शीट घट्ट येते. अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य नको, ती अंडी घालत नाहीये आणि त्यातलं जादा कॅल्शियम तिला लागत नाही. दाणा-पाणी खोक्यापासून दोन-तीन पावलांवर ठेवा. तोंडासमोर ठेवलंत तर ती बसल्या बसल्या खाते, उठत नाही, आणि पाणी सांडून घरटं भिजतं. तीन आठवड्यांत वजन उतरतंच, त्यानं घाबरू नका.

तुरा थोडा फिकट आणि आकसलेला होणं खुडूकपणात नेहमीचं आहे. पण पांढराफटक दिसत असेल तर लाल माइट शोधा. ही बारीक कीड दिवसा खोक्याच्या फटीत लपते आणि रात्री रक्त प्यायला अंगावर चढते, म्हणून दिवसा कोंबडीच्या अंगावर काहीच सापडत नाही. रात्री दहानंतर पांढरं कापड खोक्याच्या खालच्या बाजूला आणि सांध्यांवर दाबून पुसा. लाल-तपकिरी ठिपके किंवा रक्ताच्या रेघा उमटल्या तर माइट आहे. उवा वेगळ्या: त्या पिवळसर, दिवसाही अंगावरच, शेपटीखाली पिसांच्या बुडाशी लिखांचे गठ्ठे. कोंबडी दिवस भरायच्या आधीच अंडी सोडून जाते त्याचं कारण बऱ्याचदा माइट असतं आणि लोक ‘हिला बसता येत नाही’ म्हणून तिलाच दोष देतात. बिचारी रात्रभर जागच्या जागी रक्त देत असते.

अंगणपाळक

सगळ्यांचे आभार. तपासलं: ८ अंड्यांत दाट शिरा आणि हालचाल, एकात लाल कडं, एकात विरळ जाळं, ४ स्वच्छ. आठच ठेवली, रेघा ओढल्या. खोकं सुटं आहे, ते जाळीच्या आत जमिनीवर ठेवलं आणि ती बसली. पण कापडावर लाल ठिपके आले. आता अंडी असताना औषध कसं करू? आणि आठच अंडी उरली, तर एक दिवसाची पिल्लं आणून तिच्यात मिसळता येतील का?

दाणापाणी

दुसरं खोकं तयार करा, शक्यतो फटी नसलेलं, प्लास्टिकचं चाललं. नवी माती, नवा पेंढा. ती खायला उठली की अंडी नव्या खोक्यात त्याच जागी ठेवा, जुनं खोकं लांब न्या, पेंढा जाळा, खोक्याच्या प्रत्येक फटीत उकळतं पाणी ओता आणि उन्हात वाळवा. एकदा करून भागत नाही. उकाड्याच्या दिवसांत माइटची नवी पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते, म्हणून आठवड्यानं कापडाची परीक्षा पुन्हा करा. कोपऱ्यात कोरडी चाळलेली राख आणि बारीक माती मिसळून ठेवा, ती स्वतः लोळून घेईल. रासायनिक भुकटी पशुवैद्याला विचारूनच आणि कोंबड्यांसाठीचीच, तीही अंड्यांवर पडू द्यायची नाही. कीटकनाशकाचा फवारा घरट्यात मारू नका, गर्भ मरतात.

पेंढापाटी

पिल्लं मिसळता येतात, पण वेळ साधावी लागते. तिची स्वतःची पिल्लं निघाल्याच्या रात्रीच, आणि आणलेली पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवीत. मोठी पिल्लं तिच्या हाकेला ओळखत नाहीत, खाली शिरत नाहीत. पूर्ण अंधारात एकेक पिल्लू पाठीमागून तिच्या पोटाखाली सरकवा आणि त्याबदली एक रिकामं टरफल बाहेर काढा. सगळी मिळून बारा-तेराच्या वर नकोत. पहाटे उजाडायच्या आत जाऊन बघा. ती एखाद्या पिल्लाला डोक्यावर टोचत असेल तर ते लगेच काढून उबेला ठेवा.

आता शेवटचे दिवस. अठराव्या दिवसापासून अंडी हातात घ्यायची नाहीत, दिव्यासमोर धरायची नाहीत. पिल्लू रुंद टोकाकडे डोकं करून बसलेलं असतं आणि हवेच्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं. विसाव्या दिवशी आतून चिवचिव येते आणि कोंबडीचा आवाज खालच्या पट्टीत घुटमळायला लागतो. कवचाला पहिली चीर पडल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागतात, आणि त्यातला बराच वेळ बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. त्या वेळात शिरांमधलं रक्त आणि उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जात असतो. तेव्हा कवच सोललं तर रक्त वाहतं आणि पिल्लू जातं. चीर पडून २४ तास उलटले, पिल्लू ओरडतंय आणि आतलं पातळ कातडं पिवळं-कडक होऊन त्याला चिकटलंय, एवढं सगळं असेल तरच त्या कातड्याला कोमट पाण्याचं ओलं बोट लावा आणि चिरेजवळचा छोटा तुकडा काढा. लाल ठिपका दिसला की थांबा.

संध्याकाळी एकदा रिकामी टरफलं काढा. टरफलाचा अर्धा भाग शेजारच्या अंड्यावर टोपीसारखा बसतो आणि आतल्या पिल्लाला बाहेर पडता येत नाही. हे बघायला दोन मिनिटं पुरतात.

खुराडेवाला

पिल्लांचं पाणी दोन सेंटीमीटरपेक्षा खोल नको, भांड्यात खडे टाका. पहिले दोन दिवस पिल्लांनी काही खाल्लं नाही तरी चालतं, बलकावर भागतं, म्हणून आईला त्यासाठी उठवू नका. नंतर २० टक्के प्रथिनांचं पिल्लांचं बारीक खाद्य दोघांनाही चालेल. जमीन कोरडी ठेवा. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवण लागते ती ओल्या भुशामुळे. शिटेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे.

अंगणपाळक

शेवटचा प्रश्न: ती पिल्लं घेऊन उठली आणि दोन अंडी मागे राहिली तर?

खुराडेवाला

कानाशी धरून ऐका. आतून टकटक किंवा चिवचिव येत असेल, किंवा चीर पडलेली असेल, तर उबवणी यंत्रात ३७.५ अंशांवर ठेवा. यंत्र नसेल तर रात्री ती पिल्लांना घेऊन बसली की पुन्हा तिच्याखाली सरकवा. काहीच आवाज नसेल तर तेविसाव्या दिवसापर्यंत थांबा, मग काढून लांब पुरा. पुरताना सांभाळून, वास येणारं किंवा कवचावर ओल सुटलेलं अंडं हातातच फुटतं.